मॅडम, कोणती भरती?

आमच्याकडे पहाटे पळणारा माणूस भरतीचाच असतो. साखऱ्याला काय किंवा सेनगाव तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावाला काय, पाच वाजता सडकेवर बुटांचा आवाज आला की घरातली म्हातारी माणसं कूस बदलून म्हणतात, "पोलीसवाली पोरं चालली." पळण्याचं दुसरं कारण कुणाला सुचत नाही आणि सुचायचं कारणही नाही. जानेवारी २०२४ मध्ये मी त्या सडकेवर उतरले तेव्हा माझं वय ३९ होतं, जिल्हा परिषदेच्या शाळेत सोळा वर्षं नोकरी झाली होती. तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने वेग कमी करून, जरा संकोचून विचारलं, "मॅडम, कोणती भरती?"

मी म्हणाले, "अशीच." तो पुढे निघून गेला. मी खोटं बोलले नव्हते, पण खरं सांगायला लाज वाटली होती, हे मला घरी येईपर्यंत कळत होतं.

खरं असं होतं की २७ ऑक्टोबरला गोव्यात होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ या स्पर्धेत मी नाव नोंदवलं होतं. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, लगेच ९० किलोमीटर सायकल, ती ठेवली की २१.१ किलोमीटर पळायचं. एकूण ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल, म्हणून ते नाव. सगळं साडेआठ तासांत. पूर्ण आयर्नमॅनची ही निम्मी अंतरं. ती पूर्ण शर्यत १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पहिल्यांदा झाली. सुरुवातीला पंधरा जण होते, शेवटपर्यंत बारा पोचले, आणि पंधरांत बाई एकही नव्हती. पुढच्याच वर्षी लिन लेमेर नावाच्या सायकलपटू बाईने ती पूर्ण केली आणि सगळ्या पुरुषांत मिळून पाचवी आली. आपल्याकडे मिलिंद सोमणने २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केल्यावर हा शब्द घराघरात गेला. गोव्यातली स्पर्धा २०१९ मध्ये सुरू झाली, मग कोविडमुळे खंड पडला आणि २०२२ पासून पुन्हा होऊ लागली.

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमची उत्सुकता त्यात अडकायला नको: मी स्पर्धा पूर्ण केली. आठ तास एकोणीस मिनिटं. वेळ संपायला अकरा मिनिटं उरली होती. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या दहा महिन्यांबद्दल.

हे डोक्यात आलं ते आदल्या दिवाळीत. पुण्याच्या कंपनीत असणारे माझे चुलत दीर ते मेडल घेऊन गावी आले होते. मेडल घरभर फिरलं. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते हातात तोलून विचारलं, "पितळ हाय का?" मी चहा ठेवता ठेवता सहज विचारलं, पाणी किती खोल असतं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, पाण्याचंच तर सगळ्यांना भ्या. मी पुण्यात सहा महिने क्लास लावला तेव्हा पोहता आलं." मी काही बोलले नाही. पण मला पोहता येत होतं. पैनगंगेच्या काठी माझं माहेर. आठव्या वर्षी वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत टाकलं आणि उन्हाळा संपायच्या आत भोपळा सुटला. दहाव्या वर्षी मी कठड्यावरून उडी मारायचे. बाराव्या का तेराव्या वर्षी ते बंद झालं. बंद कर असं कुणी म्हटलं नाही. एका उन्हाळ्यात भाऊ विहिरीवर निघाला आणि मला कुणी हाक मारली नाही, एवढंच. त्यानंतर सव्वीस वर्षं मी पाण्यात उतरले नव्हते.

जानेवारीत एका रात्री मोबाईलवर फॉर्म भरला. वेतन आयोगाच्या फरकाचा एक हप्ता नुकताच जमा झाला होता, त्यातून फी भरली. ह्यांना दोन दिवसांनी सांगितलं, सासू-सासऱ्यांना दोन आठवड्यांनी. तेव्हा मला ते धाडस वाटलं होतं. आता वाटतं, ज्या गोष्टीचा भार चार माणसांवर पडणार होता ती मी एकटीने, रात्री, झोपलेल्या घरात ठरवली होती.

सायकल पुण्याहून जुनी घेतली, पातळ टायरची. तिच्यामुळे पहिला धडा बाभळीने दिला. आमच्या सडकांच्या दोन्ही कडांना वेड्या बाभळी. वाऱ्याने काटे डांबरावर येतात आणि ते पातळ टायर म्हणजे त्यांना मेजवानी. पहिल्या महिन्यात नऊ पंक्चर. पंक्चरवाल्याकडे गेले तर त्या बारीक व्हॉल्व्हला त्याचा पंप बसेना. त्याने सायकल उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, हे आपल्याकडचं जनावर नाही." शेवटी मी छोटा पंप, ट्यूब आणि दोन पाने पिशवीत ठेवून स्वतःच शिकले. आता अकरा मिनिटांत चाक काढून ट्यूब बदलते. शाळा माझ्या गावापासून बारा किलोमीटरवर. स्कूटी सोडून सायकलने जायला लागले, म्हणजे रोजचे चोवीस किलोमीटर वेगळा वेळ न काढता व्हायचे. रविवारी सेनगाव, नर्सी करत हिंगोलीपर्यंत आणि परत. नव्वदला कमी पडलेले किलोमीटर गावच्या फाट्यावर मागेपुढे करून भरायचे. नर्सी हे संत नामदेवांचं गाव. तिथे चहाच्या टपरीवर टाळकरी माणसं भेटायची. त्यांना मी सायकलवर कुठे निघाले ते सांगितलं की ती लगेच समजून घ्यायची. पंढरपूरला पायी जाणाऱ्या माणसाला लांब अंतराचं नवल नसतं. फक्त एकाने विचारलं, "मग दर्शन कुणाचं?"

पण पाण्याचं काय? शेतातल्या आमच्या विहिरीला मे महिन्यात जेमतेम गुडघाभर पाणी असतं, तेही मोटारीने उपसून संपतं. म्हणजे जूनअखेरपर्यंत पोहण्याचा सरावच नाही. धरणाच्या पाण्यात एकटीने उतरायला ह्यांनी सक्त मनाई केली होती आणि ते बरोबरच होतं. नांदेडला तरणतलावावर चार रविवार गेले, एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडून. बाकी पावसाची वाट. त्या वर्षी जूनमध्ये मी ढगाकडे जितक्या आशेने पाहिलं तितकं शेतकऱ्याची सून होऊनही कधी पाहिलं नव्हतं.

जुलैच्या मध्यावर विहीर निम्म्यावर आली. आठ परस खोल, बांधीव, आत उतरायला पायऱ्या. ह्यांनी दोरी टाकून मोजलं: तोंड चाळीस फुटांचं. भिंतीपासून हातभर आत राहून गोल पोहलं तर एक फेरी साधारण पस्तीस मीटरची. १.९ किलोमीटरसाठी पंचावन्न फेऱ्या.

आता प्रश्न होता तो मामांचा. सून विहिरीत पोहणार, ते त्यांच्यासमोर मांडायचं कसं? आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, एका वाक्यात सांगितलं असेल काहीतरी; मला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ह्यांचा जुना टी-शर्ट आणि लेगिंग घालून, वरून साडी गुंडाळून शेतात गेले, तर मामा माझ्या आधीच विहिरीवर. ते मोटारीच्या पेटीशी उभे होते. आमच्याकडे शेतीची लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री, म्हणून सगळे शेतकरी स्टार्टरला ऑटो लावून ठेवतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. विहिरीत उतरलेल्या माणसाला केबल कुठे कापलेली असेल तर त्याच क्षणी करंट. अशाने गेलेली माणसं प्रत्येक गावाला माहीत असतात. नुसता स्टार्टर बंद करून मामांचं समाधान होईना. त्यांनी तिन्ही फेजचे किटकॅट उपसून काढले, कुडत्याच्या खिशात घातले आणि म्हणाले, "आता उतर."

मग ते विहिरीच्या काठावर बसले, माझ्याकडे पाठ करून.

तो सगळा पावसाळा ते तसेच बसले. मी पाण्यात, ते पाठमोरे, तोंड तुरीच्या पट्ट्याकडे. फेऱ्या मोजायला त्यांनी चिंचोके आणले होते. प्रत्येक फेरीला मी शेवटच्या पायरीवर हात आपटायचे, तो आवाज आला की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. पोहताना आपला आकडा आपल्याला कधीच बरोबर वाटत नाही. मला दरवेळी वाटायचं चाळीस झाल्या, मामा म्हणायचे एकतीस. कधी त्यांचा डोळा लागला की काय अशी शंका येऊन मी दोनदा हात आपटायचे, तर वरून, "एकच धरली बरं का."

विहिरीत पोहण्याची एक गंमत सांगते. सतत एकाच दिशेने गोल फिरून चक्कर येते आणि आतल्या बाजूचा खांदा धरतो, म्हणून दर दहा फेऱ्यांना मी दिशा उलटी करायचे. तरी शरीराने गोलाईच मनावर घेतली. ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा नांदेडला गेले तर सरळ जाताच येईना. हात मारता मारता मी डावीकडे वळत शेजारच्या गृहस्थांच्या रांगेत. तिसऱ्या वेळी ते थांबून म्हणाले, "ताई, तुमचं स्टेअरिंग बघा."

समुद्रात दिशा पाहायला डोकं वर काढावं लागतं. विहिरीत पाहायचं काय? मोटारीचा पाइप. दर सहा हातांनंतर तो पाइप बघायचा सराव केला. कपारीतल्या पारव्यांना माझी सवय झाली होती. पाणदिवडीला मात्र माझी आणि मला तिची शेवटपर्यंत झाली नाही.

हे ऐकायला छान वाटतं. मलाही सांगायला छान वाटतं, म्हणूनच एवढं लांबलं. आता जे सांगायचं टाळत होते ते.

इंटरनेटवरून मी एक चोवीस आठवड्यांचं वेळापत्रक उतरवून घेतलं होतं. आठवड्याला दहा-अकरा तास. मी ते पाळत होते. पहाटे साडेचारला बाहेर, साडेसातला परत, आंघोळ, डबा, शाळा. या वेळात घरात काय होत होतं? दोन म्हशींचं शेण, झाडलोट, चहा, चौघांच्या भाकरी, दोन डबे. आधी हे सगळं मी करायचे. आता मी नव्हते आणि तरी परत आल्यावर सगळं झालेलं असायचं. मी समजत होते की आत्या करतात. त्याबद्दल मनाला टोचायचं, रात्री त्यांचे पाय चेपून ती टोचणी मी फेडायचे.

ऑगस्टमध्ये घटक चाचणीचे गुण आले. माझी मुलगी तेव्हा दहावीत. गणितात पन्नासपैकी एकोणीस. तिच्या वर्गशिक्षिका माझ्याच ओळखीच्या, त्या म्हणाल्या, "पहिल्या दोन तासांना झोपते हो ती. घरी काही आहे का?" घरी काही नाही, असं मी सांगून आले. संध्याकाळी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "काही नाही." आत्यांना विचारलं. त्या बराच वेळ निवडत्या ताटाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यानं खाली बसून भाकरी होती का आता? गुडघे बघितलेस का माझे? पोरगी उठती चारला. तुझी आई तयारी करायली, तिला सांगू नको, असं तीच म्हणली मला."

सात महिने मी घड्याळात माझे तास मोजत होते. आज किती पोहले, किती पळाले, हृदयाचे ठोके किती. त्या घड्याळात ते तास कुठून आले याचा कुठेच आकडा नव्हता. मी ते एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या झोपेतून काढले होते. शाळेत मी दरवर्षी पालकसभेत सांगते की मुलींना घरकामाला जुंपू नका. तेच भाषण मी त्या जूनमध्येही केलं होतं.

मी त्या रात्री ठरवलं की जायचं नाही. ह्यांना तसं सांगितलंही. हे म्हणाले, "बरं." मग पाच मिनिटांनी म्हणाले, "पण म्हशीचं मी करू शकतो की. मला कुणी सांगितलंच नाही." मी चिडले. सांगायला कशाला लागतं, असं बरंच काही बोलले. पण नंतर लक्षात आलं की विचारलं तर मीही नव्हतं. जे मागायचं ते मी मागितलं नव्हतं; गुपचूप घेतलं होतं.

त्यानंतर पहिल्यांदा आम्ही सगळे बसून बोललो. गुणपत्रिका मध्ये ठेवून. वेळापत्रकातले दोन पळण्याचे आणि एक पोहण्याचा दिवस मी काटले; दहा-अकराचे सात तास झाले. पहाटेच्या म्हशी ह्यांच्याकडे गेल्या. सकाळची भाकरी बंद, त्याऐवजी खिचडी किंवा उपमा, ओट्यावर उभ्याने, आणि तो आठवड्यातून तीन दिवस ह्यांनी करायचा. मामा पहिला उपमा खाऊन म्हणाले, "ह्याच्यापेक्षा विहिरीत उडी टाकलेली बरी." पण खाल्ला. मुलीने सहापर्यंत झोपायचं असं ठरलं. दोन-तीन दिवस ती सवयीने चारला उठून बसायची आणि मी तिला परत झोपवून बाहेर पडायचे.

सात तासांत ही स्पर्धा होईल का, याची मला शाश्वती नव्हती. सायकलवर मी कमी पडणार हे दिसत होतं. पण तयारीचं ओझं त्या दिवसापासून हलकं झालं, हे मात्र खरं. त्याच सुमारास रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८. चढावर दम का लागतो ते कळलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सायकलवर खायला गूळ-शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची वडी आणि बाटलीत ओआरएस. ती परदेशी जेलची पाकिटं मी एकदा खाऊन पाहिली, पोटाने नाकारली.

सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, ऐन पोळ्याला, तो पाऊस आला. हिंगोली, परभणी, नांदेड तिन्ही जिल्हे पाण्याखाली. कयाधूने काठची शेतं खरवडून नेली. आमचं ओढ्याकडचं सोयाबीन शेंगा धरलेलं झोपलं. बैलांना सजवायचं ते गोठ्यातच सजवलं. विहीर काठोकाठ, गढूळ चहासारखी. मी आठ दिवस सरावाचं नाव काढलं नाही. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि बाजारात भाव त्याच्या खालीच रेंगाळत होता. मी एका रात्री वहीच्या पानावर सायकल, फी, प्रवास सगळं मांडून त्याला भावाने भागलं. पंचवीस-तीस क्विंटल सोयाबीन. ओढ्याकडच्या रानात तेवढं होत नाही.

मी ते पान मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"भरलेले पैसे परत येतेत का?"

"नाही."

"सायकल इकता येती का?"

"निम्म्यात."

"मग ह्याचा हिशेब आता कशाला करायलीस?" असं म्हणून त्यांनी पानाची घडी केली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते किटकॅट काढून विहिरीवर बसले होते.

भरतीच्या पोरांकडे परत येते. त्या वर्षी पोलीस भरतीची मैदानी चाचणी १९ जूनला सुरू झाली होती. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. आमच्या सडकेवरच्या एका मुलीला मी माझ्या घड्याळावर वेळ लावून द्यायचे. तिला २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत यायचं होतं, म्हणजे पूर्ण गुण. ती ३ मिनिटं ४ सेकंदांवर अडकली होती. एकदा धापा टाकत तिने विचारलं, "मॅडम, तुमचं ते झाल्यावर काय मिळतं?"

"मेडल."

"आणि?"

"टी-शर्ट."

ती थोडा वेळ थांबली आणि अतिशय सभ्यपणे म्हणाली, "बरं असतं तेबी." चौदा सेकंदांवर तिचं आयुष्य अडकलं होतं आणि मी नोकरी, पगार, पेन्शन असताना स्वतःहून पैसे भरून दमायला निघाले होते. ती त्या वर्षी निवडली गेली नाही. ऑक्टोबरातही ती पळत होतीच, पुढच्या भरतीसाठी. तिच्यासोबत पळायला मला शेवटपर्यंत अवघडल्यासारखं वाटायचं. ते अवघडलेपण गेलं नाही आणि ते जावं असंही मला वाटत नाही.

रजेचा अर्ज दिला तोवर विधानसभेची आचारसंहिता लागली होती आणि निवडणुकीच्या कामाचा आदेश कधी हातात पडेल याचा नेम नव्हता. तो धसका वेगळा. निघण्याच्या आदल्या दिवशी शेवटच्या पंचावन्न फेऱ्या केल्या. पाणी पुन्हा चार हात खाली गेलं होतं. सुगरणींची घरटी रिकामी. पंचावन्नावा चिंचोका उजवीकडे सरकवून मामांनी सगळे चिंचोके किटकॅटच्याच खिशात टाकले.

मीरामारच्या किनाऱ्यावर मी पहिल्यांदा समुद्राच्या पाण्यात उतरले ते स्पर्धेच्या आदल्या दिवशी, सरावाला. खारट घोट नाकातोंडात गेला. पायाखाली पायरी नाही, समोर भिंत नाही. भाऊजी सोबत होते, म्हणाले, "वहिनी, करंट थोडा आहे, पण सांभाळून घ्याल." तो शब्द ऐकून मी पाण्यातच थबकले, मग माझं मलाच हसू आलं.

स्पर्धेच्या पहाटे अंधारात घरी फोन लावला. मुलगी झोपली होती. हे म्हशीकडे. फोन मामांनी घेतला.

"पाण्यात करंट न्हाई ना?"

"थोडा हाय म्हणतात, मामा."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही.

"मग त्यांना म्हणावं मेन बंद करा, अन् किटकॅट काढून कुणाच्या तरी खिशात ठिवा," ते म्हणाले. चेष्टा करत होते की नाही, फोनवर कळलं नाही. मी फोन भाऊजींकडे दिला, टोपी घातली आणि रांगेत जाऊन उभी राहिले.